गोठ्याची धूळ

अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातले आमिश पंथाचे शेतकरी अजून घोड्यांनी शेत नांगरतात. गोठा घराला लागूनच. चालायला लागलेलं पोर भावंडांच्या मागे मागे तिथे पोचतं आणि गाईंच्या पायांत, पेंढ्यात लोळतं. साउथ डकोटातले हटराइट पंथाचे लोकही शेतकरीच. मूळ तसंच युरोपातलं, कुटुंबं तशीच मोठी, मुलांना लसी दोन्हीकडे दिल्या जातात. फक्त यांची शेती सामुदायिक आणि यंत्रांची. गुरं वस्तीपासून लांब आणि लहान मुलांचा तिथे रोजचा वावर नाही. आमिश मुलांत दमा शंभरात पाचेक जणांना, तर हटराइट मुलांत एकवीस जणांना!

२०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात संशोधकांनी दोन्हीकडच्या घरांतली धूळ गोळा केली. आमिश घरांतल्या धुळीत जिवाणूंच्या आवरणाचे अंश जवळजवळ सातपट निघाले. मग त्या धुळीचा अर्क उंदरांच्या नाकात घातला. आमिश धुळीने उंदरांच्या श्वासनलिका दम्यासारख्या सुजेपासून वाचल्या. हटराइट धुळीने वाचल्या नाहीत. ज्या उंदरांची उपजत प्रतिकारयंत्रणा मोडून ठेवली होती, त्यांना मात्र आमिश धुळीचाही उपयोग झाला नाही. म्हणजे हे जिवाणू कोवळ्या वयात शरीराला काहीतरी शिकवतात: कशावर तुटून पडायचं आणि काय सोडून द्यायचं.

‘पडू दे की थोडं आजारी, प्रतिकारशक्ती वाढते,’ असं आपल्याकडे घरोघरी म्हणतात. या अभ्यासातून तसं काही निघत नाही, आणि ते ऐकलं की मला काळजी वाटते. तान्ह्या बाळाला आरएसव्ही विषाणूने छाती भरली, तर पुढे वारंवार घरघर लागण्याची शक्यता उलट वाढते. गोठ्यातले निरुपद्रवी जिवाणू वेगळे आणि खोकणाऱ्या पाहुण्याने बाळाचा पापा घेऊन दिलेला विषाणू वेगळा. गावाकडचं सगळंच फुप्फुसांना मानवतं असंही नाही. चुलीचा धूर लेकरांच्या छातीला बाधतोच.

तेव्हा सुट्टीत मूल मातीत बसलं, वासराच्या गळ्यात पडलं, तर ओरडू नका. जेवायच्या आधी हात मात्र साबणाने धुवायला लावा, लस चुकवू नका. आणि दमा आधीच असेल तर गोठा हे त्यावरचं औषध नव्हे. डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुलाचा पंप बंद करू नका.