रानातलं जनावर आणि गावातली आवई

मंगळवेढा

चि. सायली हिस,


ज्वारीत शिरलेल्या 'कुत्र्यापेक्षा मोठ्या नि वाघापेक्षा लहान' जनावराबद्दल तू विचारलंस. तुझ्या मैत्रिणी ऐकून हसल्या म्हणे. रात्री जागलीला बसणाऱ्याला काहीच दिसलं नसेल, असं मी तरी म्हणणार नाही. फक्त दिसतं एक आणि चावडीवर पोचेपर्यंत होतं दुसरंच.

आपली मालदांडी ज्वारी डोक्याच्या वर जाते. त्यात बॅटरी मारली की नुसते डोळे चमकतात, बाकीचं अंग ज्याचं त्याने लावायचं. माझ्या मते आपल्याकडची निम्मी भुतं म्हणजे तरस. पुढून उंच, मागून बसकं, चाल लंगडल्यासारखी. बिथरलं की मानेपासून शेपटीपर्यंतचे केस ताठ उभे करतं आणि बघता बघता दुप्पट दिसायला लागतं. मेल्या जनावराच्या वासावर गावाकडेला येतं, म्हणून मढी उकरण्याची बदनामी त्याच्या माथी. आणि ते हसतं म्हणतात ना, ते आफ्रिकेतलं ठिपक्यांचं तरस. आपलं पट्ट्यांचं बहुतेक मुकाटच असतं.

टिटवी रात्री ओरडली की कुणीतरी जाणार, हे तुझ्या पणजीचं ठाम मत होतं. टिटवी उघड्या जमिनीवर, खड्यांतच अंडी घालते. कोल्हा, कुत्रा, माणूस, कोणीही जवळ आलं की ओरडून रान डोक्यावर घेते. म्हणजे रानात कोणीतरी फिरतंय, ही तिची बातमी खरीच असते. मरणाचं आपण जोडलं.

अशा गोष्टींनी कुणाचं नुकसान होत नाही. मांडूळ सापाचं मात्र झालं. शेपूट बोथट, तोंडासारखी. धोका वाटला की ते डोकं वेटोळ्यात लपवून शेपूट पुढे करतं. त्यावरून दुतोंड्या, सहा महिने या तोंडाने चालतो, सहा महिने त्या. बिनविषारी, सुस्त, मातीत शिरून उंदीर खाणारा, म्हणजे शेतकऱ्याच्या घरचाच माणूस. पण गुप्तधन दाखवतो, पैशाचा पाऊस पाडतो, वजनावर लाखांनी जातो, अशी आवई उठली आणि पोत्यात भरून चोरटा व्यापार सुरू झाला. १९७२च्या वन्यजीव कायद्याने त्याला धरणं, विकणं गुन्हा आहे. तरी अधूनमधून कुठे ना कुठे टोळी पकडल्याची बातमी येतेच. पैशाचा पाऊस पडलेला माणूस अजून कुणी दाखवलेला नाही.

कधी जनावर खरंही असतं. डिसेंबर २०२०मध्ये आपल्याच जिल्ह्यात, करमाळ्याकडे, बिबट्याने माणसं मारली. १८ तारखेला त्याला गोळी घालावी लागली. त्या दिवसांत ज्याला त्याला आपल्या बांधावरचा ठसा बिबट्याचाच वाटायचा. ठसा नीट बघावा. नखांच्या खुणा उमटल्या असतील तर बहुधा कुत्रा, लांडगा किंवा तरस. बिबट्या चालताना नखं आत ठेवतो. ओल्या काळ्या मातीत कुत्र्याचा पायही फाकतो आणि भलताच मोठा दिसतो.

आणि एक जनावर असं, जे कुणीच पाहिलेलं नव्हतं. मुलं पळवणारी टोळी. १ जुलै २०१८ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याच्या आठवडी बाजारात नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागत आले होते. बहुतेक आपल्याच मंगळवेढा तालुक्यातले. टोळी आल्याचं मोबाइलवर फिरत होतंच. लोकांनी त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि मारून टाकलं. तरस पाहिलेला गडी 'मला तसं वाटलं बुवा' म्हणतो. न पाहिलेल्यांच्या बोलण्यात असं 'वाटलं' कधी सापडत नाही. मला भीती वाटते ती त्यांची.

तू सुट्टीत ये, हुरडाही तयार असेल. ज्याने ते जनावर पाहिलं त्याच्याकडेच जाऊ. आपलं मत आधी सांगायचं नाही, नाहीतर तुला आवडेल तेच तो सांगेल. चांदणं होतं का, वारा कुठून होता, कुत्री भुंकली की शेपूट घालून गप्प बसली, हे विचार. जनावराची शेपूट तर नक्की विचार: लांडग्याची, तरसाची झुपकेदार, बिबट्याची लांबलचक, टोकाला वर वळलेली. ठसा राहिला असेल तर शेजारी काड्यापेटी ठेवून फोटो काढू, म्हणजे मापाचं भांडण नको.

तुझे,
आजोबा