तळहातांवर कोरलेली नावे
(यशया ४९:१६)

भीमा नदीच्या काठी कोरेगाव येथे एक उंच दगडी स्तंभ आहे. १ जानेवारी १८१८ रोजी पेशव्यांच्या सैन्याशी लढताना कंपनी सरकारचे जे शिपाई पडले, त्यांच्या स्मरणार्थ १८२१ साली त्याचा पाया घातला गेला. त्यावरील ४९ नावांपैकी २२ नावांच्या शेवटी ‘नाक’ हे पद आहे. ते महार शिपाई होत. ज्यांची सावलीही गाव टाळीत असे, त्यांची नावे इतरांच्या पंक्तीस कोरली गेली, ही लहान गोष्ट नव्हे. (पेशव्यांकडील जे मेले त्यांची नावे तेथे नाहीत. त्यांनाही आया होत्या.)

परंतु पुढे १८९२ च्या सुमारास इंग्रज सरकारने महारांची भरती बंद केली. महायुद्धात गरज पडली तेव्हा, १९१७ साली, दार उघडले. १९२१ साली पुन्हा लागले. स्तंभ मात्र उभाच होता.

यशयाच्या द्वारे देव सियोनेस सांगतो की, मी तुला आपल्या तळहातांवर कोरले आहे. दगडाकडे न पाहता राज्य चालविता येते. स्वतःचे तळहात न पाहता कोणास काम करता येईल?

एका गावी मी मंडळीची नामावली पाहिली. बाप्तिस्म्याच्या प्रत्येक नावासमोर जुनी जात लिहिली होती. “हे कशाला?” मी उपदेशकास विचारले.

“प्रभुभोजनास कोणी कोठे बसावे हे कळावे म्हणून, पाळकसाहेब.”

त्या रात्री आम्ही दोघांनी कंदील लावून ती नामावली पहिल्या पानापासून नव्याने लिहावयास घेतली.