तप कोणाचे?

वैद्यक वा दंतवैद्यक शिकणाऱ्या कन्येचे जागरण पाहून आपण कौतुकाने म्हणतो, 'हे तिचे तप!' परंतु तप स्वेच्छेने आरंभिले जाते. दुसऱ्याने लादलेल्या भारास ते नाव शोभत नाही. डॉ. आनंदीबाई जोशी १८८३ साली फिलाडेल्फियास गेल्या, १८८६ मध्ये पदवीधर झाल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारीत, २२ वर्षे पुरी होण्याआधीच, क्षयाने निवर्तल्या. विद्येची तळमळ त्यांची स्वतःची होती. दहा दिवसांचे अपत्य दगावल्याचे दुःख तिच्या मुळाशी होते. पण पतीच्या कठोर अपेक्षेचे ओझेही होतेच. त्यागाचे गोडवे गाताना हा भेद आपण सोयिस्करपणे विसरतो.

आजही एम.बी.बी.एस.ची साडेचार वर्षे, वर रुग्णालयातील एका वर्षाची उमेदवारी. दंतवैद्यकाच्या परीक्षेत तर रुग्णाच्या मुखात हात चालत असता परीक्षक शेजारी उभा! हे कष्ट विद्येचे; ते अटळ. परंतु सुटीत घरी आलेल्या मुलीपुढे सणाचा स्वयंपाक, 'स्थळे केव्हा पाहावयाची?' हा प्रश्न आणि शुल्काचा हिशेब मांडणे कोणत्या धर्मात बसते? (भावास मात्र, 'दमलास, नीज हो!') 'मला झेपत नाही,' असे ती म्हणाली, तर ती कृतघ्न कशी? परीक्षा एकदा पुढे गेली, तर पदवी थोडी उशिरा मिळेल, इतकेच. देवळात भेटणाऱ्या मंडळींस काय सांगावे, ही चिंता वडिलांची, तिची नव्हे.