पावसाचे पांघरूण आणि पाठीवरचे ओझे

सज्जनहो, आज विचारास घेतलेला प्रश्न ऐकून काहींना हसू येईल. वेदान्त सोडून महाराज पावसाच्या पांघरुणावर बोलू लागले, असेही कोणी म्हणेल. म्हणू द्या. वारकऱ्याचा वेदान्त पायांनी चालतो, आणि पाय चिखलात असतात. तेव्हा चिखलातला प्रश्न चिखलातच सोडवला पाहिजे. प्रश्न असा : वाटेत पाऊस आला असता वारकऱ्याने आपले अंग आणि पाठीवरचे ओझे झाकावे की नाही? आणि झाकावे, तर आधी कोणाचे?

हा प्रश्न आमच्या नांदेड-लातूरकडच्या दिंड्यांत दरसाल निघतो. लोहा, अहमदपूर, चाकूर, लातूर, मुरूड, ढोकी, येडशी, बार्शी, कुर्डुवाडी अशी ही वाट. तीनशेहून अधिक किलोमीटर जमीन पायांखाली घालायची. मृग लागलेला असतो, आर्द्रा येते, आणि मधेच आभाळ असे फुटते की झाड गाठायलाही सवड मिळत नाही. शिवाय विजा असतात, तेव्हा झाडाखाली जाऊही नये, हे लहान पोरालाही ठाऊक असावे. आमची काळी जमीन कोरडी असते तेव्हा लोखंड, आणि भिजली की मेण. एकेका पावलाला शेर-शेर माती चिकटते. अशा वेळी पाठीवरची पडशी भिजली, म्हणजे तिचे वजन वाढते ते वेगळेच.

पूर्वी या वाटेवर घोंगडी असे. दख्खनी मेंढीच्या लोकरीची, चिंचोक्याची खळ दिलेली. पहिला पाऊस ती अंगाबाहेर ठेवी. फार झाला तर पाणी पीतही असे आणि जड होई, पण ओली झाली तरी ऊब सोडत नसे. ज्याला घोंगडी नाही तो पोत्याचा एक कोपरा दुसऱ्यात घालून खोळ करी. कोकणात आणि घाटमाथ्यावर इरले असते. भातलावणीला वाकलेली पाठ झाकावी म्हणूनच ते बेतलेले. पुढे मेणकापड आले, मग प्लॅस्टिकचा ‘कागद’ आला. आता तरुण मंडळी पोंचो नावाचे एक वस्त्र आणतात. मधोमध डोक्यापुरते भोक, वर टोपी, आणि मागची बाजू इतकी ऐसपैस की माणूस व त्याच्या पाठीवरची सॅक ही दोन्ही एकाच पांघरुणाखाली जातात. हात मोकळे राहतात. छत्रीने एक हात अडकतो. आणि टाळ वाजवायला दोन हात लागतात, बरं का!

आता पूर्वपक्ष ऐका. एका मुक्कामी एक वयोवृद्ध वारकरी एका तरुणाला म्हणाले, “अरे माऊली, देवाच्या वाटेवर निघालास आणि पाण्याच्या थेंबाला भितोस? आमच्या वडिलांनी भिजत वारी केली. तितिक्षा म्हणून काही आहे की नाही?” पोर सुशील होते, गप्प बसले. पण त्याने पांघरूण घडी करून ठेवले, आणि दुसऱ्या दिवशी भिजून तापाने आडवे झाले. मग त्याला दिंडीच्या ट्रकमध्ये निजवावे लागले, त्याच्या उशाशी दोघांना बसावे लागले, आणि त्या तिघांचीही चाल खुंटली. आता सांगा, ही तितिक्षा कोणाच्या पदरात पडली?

तरीही वृद्ध वारकऱ्यांचा पक्ष असा चुटकीसरशी उडवून देता येत नाही. त्याला शास्त्राचा आधार आहे. शम, दम, उपरती, तितिक्षा, श्रद्धा आणि समाधान या सहा साधनांत तितिक्षेची गणना आहे. आचार्यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या विवेकचूडामणीत तिचे लक्षण दिले आहे, आणि त्यात दुःखाचा प्रतिकार न करता ते सोसावे, हे पद स्पष्ट आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातही भगवंतांनी थंडी आणि ऊन येणारी-जाणारी सांगून ती सोस, अशीच आज्ञा अर्जुनाला केली. मग पांघरूण हा प्रतिकार नव्हे काय? होय, आहे. हे मान्य करूनच पुढे गेले पाहिजे.

परंतु लक्षण अर्धे वाचू नये. त्याच लक्षणात दुसरे अंग आहे : चिंता नको आणि विलाप नको. आता असा माणूस डोळ्यांपुढे आणा की ज्याने पांघरूण घेतले नाही, पण मैलभर जो पावसाला, दिंडीचालकाला आणि सरकारी रस्त्याला बोल लावीत चालला आहे. आणि दुसरा असा, की ज्याने पांघरूण घेतले, तरी गुडघ्याखाली तो भिजलाच आहे, आणि मुखी हरिपाठ सुरू आहे. या दोघांत तितिक्षावान कोण? पाऊस अंगावर किती पडला यावरून तितिक्षेचे माप होत नाही. तो मनात किती शिरला यावरून होते. शिवाय प्रतिकार मुळीच न करण्याचा तो नियम सर्वसंगपरित्याग केलेल्या साधकाच्या वाटेवरचा आहे. वारकरी प्रपंची आहे. त्याच्या मागे शेत आहे, बैल आहेत, म्हातारी आई आहे. वारीहून तो धडधाकट परत यावा, हा त्यांचा हक्क आहे.

आणखी एक गोष्ट. सोसण्याचा तो उपदेश भगवंतांनी ज्याला केला, तो अर्जुन त्या वेळी रणांगणावर रथात बसलेला होता. सोसायला सांगितले म्हणून त्याला चिलखत उतरवायला सांगितलेले नाही. बाहेर कवच आणि आत तितिक्षा, या दोन गोष्टी एका देहावर नांदू शकतात, हे त्यावरूनच दिसते.

दुसरा पूर्वपक्ष याहून कोवळा आहे, आणि मला तो अधिक बोचतो. तो शेतकऱ्याच्या तोंडचा आहे. “महाराज, वर्षभर ज्याची वाट पाहिली त्या पावसापासूनच अंग चोरायचे काय?” मराठवाड्याच्या माणसाला हे विचारण्याचा अधिकार आहे. १९७२ चा दुष्काळ आमच्या पिढीने लहानपणी पाहिला. २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या आणि त्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. ज्या गावाने रेल्वेच्या रुळांवरून पाणी येताना पाहिले, त्या गावाचा माणूस पाऊस पडताच पांघरुणात शिरतो, ही कृतघ्नता नव्हे का?

याचे उत्तर शेतकऱ्याच्याच घरात आहे. पाऊस पडावा म्हणून जो देवाला साकडे घालतो, तोच पावसाआधी घराचे माळवद नीट करतो, कडब्याची गंजी झाकतो, बियाण्याची पोती कोरड्या कोपऱ्यात लावतो. बियाणे झाकले म्हणून तो पावसाचा वैरी होत नाही. उलट, पाऊस रानात पडावा आणि बियाणे पेरणीपर्यंत कोरडे राहावे, या दोन्हींची त्याला सारखीच गरज असते. जे जेथे हवे ते तेथे पोचावे, एवढेच. शिवाय याच मातीने २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात अतिवृष्टीही पाहिली. उभी पिके पाण्याखाली गेली, माती वाहून गेली. पाण्याला देव म्हणावे, आणि त्या देवाशी सावधपणानेही वागावे, हे आम्हांला कोणी शिकवायला नको.

आता ओझ्याचा विचार. अंग झाकणे एक वेळ क्षम्य, पण गाठोडेही झाकायचे, हा परिग्रह नव्हे का, असे कोणी विचारील. येथे भागवताचा दशमस्कंध उघडावा. इंद्र कोपला, सात दिवस धारा कोसळल्या, आणि भगवंतांनी गोवर्धन उचलून धरला. त्या वेळी त्यांनी गोकुळवासीयांना काय सांगितले? गाई-गोधन घेऊन सुखाने आत या, असे सांगितले. आणि ते लोकही आपले धन, आपली जनावरे, आपल्यावर अवलंबून असलेली माणसे, अशी सर्व मांडणी घेऊन आत शिरले. “गाठोडी बाहेर टाका आणि मगच माझ्या आश्रयाला या,” असे भगवंत म्हणाले नाहीत. माणूस आणि त्याच्या निर्वाहाचे साधन ही दोन्ही त्यांनी एकाच पांघरुणाखाली घेतली. पाऊस मात्र त्यांनी थांबवला नाही. तो सात दिवस पडू दिला. मला वाटते, पांघरुणाचे सारे शास्त्र या कथेत आले.

पण या कथेचा दुसरा अर्थ विसरू नका. तो पर्वत एका माणसापुरता नव्हता. गोकुळातील शेवटचे वासरू आत आले तरी जागा पुरली. आणि आमचे हे नवे पांघरूण? ते एकाचेच आहे. त्याला एकच भोक, एकच टोपी. घोंगडी उलगडली की तिच्याखाली शेजारचा वारकरीही येई. पोत्याची खोळ तशी नव्हती, पण ती काढून दुसऱ्याला द्यायला क्षणही लागत नसे. पोंचोत शिरलेला माणूस आपल्या ओझ्यासह एकटा होतो. दोष वस्त्राचा नाही. मात्र ज्या वस्त्रात वाटून घेण्याची सोय शिवलेली नाही, ते पांघरणाऱ्याने ती सोय आपल्या मनात शिवून घेतली पाहिजे.

म्हणून माझ्या अल्पमतीप्रमाणे झाकण्याचा क्रम सांगतो. दिंडीत पहिले पांघरूण वीणा आणि पखवाज यांचे. पुडी सर्दावली की ती सैल पडते आणि बोल बसतो. एका पखवाजावर शेकडो पावले चालतात, त्याचे भिजणे हे सर्वांचे भिजणे. दुसरे पांघरूण पोथीचे आणि औषधांचे. आता दिंडीत साखरेच्या विकाराच्या, रक्तदाबाच्या गोळ्या घेणारी माणसे पुष्कळ असतात. त्या गोळ्या भिजल्या तर आडरानात कोठून आणणार? तिसरे पांघरूण आजारी, म्हातारी माणसे आणि लेकुरवाळ्या बायका यांचे. चौथे आपले. डोक्यावरच्या तुळशीला मात्र पांघरूण नको. पाऊस तिच्यासाठीच आला आहे असे समजावे.

आणि येथेच तितिक्षेचा खरा नियम सापडतो. तितिक्षा स्वतःच्या दुःखाची करायची असते. दुसऱ्याच्या दुःखाची तितिक्षा आपण करू लागलो, म्हणजे तिला निष्ठुरपणा म्हणतात. शेजारची म्हातारी भिजते आहे आणि आपण “हे सर्व येणारे-जाणारे आहे” असे मनात म्हणत कोरडे चाललो, तर तो गीतेचा अपमान आहे. आपल्या अंगावर पाऊस पडला तर गीता आठवावी. दुसऱ्याच्या अंगावर पडला तर गोवर्धन आठवावा.

आता चार व्यवहाराच्या गोष्टी. पांघरूण कमरेला दोरीने बांधावे, नाहीतर वारा त्याचे शीड करतो. हमरस्त्यावर वाहनांच्या कडेने चालताना ते धोक्याचे. टोपीने कान आणि बाजूची नजर झाकली जाते; मागून येणाऱ्या गाडीचा भोंगा ऐकू येईल आणि पुढच्या माऊलीचा टाळही ऐकू येईल, इतकी ती सैल ठेवावी. नामाचा गजर चालला असताना कान झाकून चालणे यासारखी हानी नाही. आतून घाम येतो, म्हणून पाऊस ओसरताच ते काढावे. सॅकमध्येही कोरडे धोतर आणि पोथी एका वेगळ्या पिशवीत बांधून ठेवावी, कारण केवळ वरच्या पांघरुणावर भरवसा ठेवणारा फसतो.

आणि पातळ कागदाचे पांघरूण एका पावसानंतर वाटेवर टाकून देऊ नये. महाराष्ट्रात २०१८ साली प्लॅस्टिकबंदीचा नियम झाला. पण नियम नसता तरी हे पाप टळले असते असे नाही. ज्या शेताच्या बांधावर आपण ते टाकतो, तेथे कोणाची तरी गाय चरते. आपले अंग दोन घटका कोरडे राहिले, आणि तिच्या पोटात तो कागद मरेपर्यंत राहिला, असा सौदा वारकऱ्याने करावा काय? जे पांघरले ते धुवावे, वाळवावे, घडी करून घरी न्यावे. पुढल्या आषाढीला तेच कामी येते.

शेवटी भीष्मपर्वातील एक प्रसंग सांगून थांबतो. गीता संपल्यानंतर, युद्धाला तोंड लागण्याच्या आधी, धर्मराजाने अंगातले कवच उतरवले, शस्त्र खाली ठेवले, आणि हात जोडून तो पायी चालत भीष्माचार्यांकडे आशीर्वाद मागायला गेला. कवच वापरायचे केव्हा हे त्याला ठाऊक होते, आणि उतरवायचे केव्हा हेही. आपणही वाटेवर खुशाल पांघरावे. पण पालखी पुढ्यात आली, कोणा थोराच्या पायांवर डोके ठेवायचे झाले, किंवा महाद्वारी उभे राहिलो, म्हणजे पाऊस पडत असला तरी टोपी मागे सारावी. तेवढे भिजणे आपल्या वाट्याचे आहे, आणि ते कोणाला देऊ नये.

रामकृष्णहरी.