कारभार कुणाच्या हाती?

सुरतेची दानत जुनी आहे. इंग्रज धर्मोपदेशक जॉन ओव्हिंग्टन सतराव्या शतकाच्या अखेरीस येथे आला, तेव्हा आजारी व म्हाताऱ्या जनावरांची निगा राखणारे रुग्णालय पाहून तो थक्क झाला आणि आपल्या प्रवासवर्णनात त्याने त्याची नोंद केली. पांजरपोळाची ही परंपरा या शहराचे भूषण आहे. तापीकाठी पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेल्या आपल्या मराठी घरांतही वडिलांचे श्राद्ध किंवा नातवाचा वाढदिवस या निमित्ताने एखाद्या अपंग-संस्थेस एक वेळचे जेवण देण्याची रीत रुळली आहे. या दयाभावात कमीपणा मानण्याचे कारण नाही. परंतु त्यातूनच एक नैतिक प्रश्न उभा राहतो आणि तो टाळून पुढे जाता येत नाही.

पांजरपोळाच्या विश्वस्त मंडळात गाईला जागा नसते. त्यात कुणाला वावगे वाटत नाही, कारण गाय सभेत आपले म्हणणे मांडू शकत नाही. पण माणसांसाठी काढलेल्या संस्थेतही अध्यक्ष, कार्यवाह, खजिनदार हे सारे धडधाकट आणि ज्यांच्या नावाने संस्था चालते ते अपंग केवळ 'लाभार्थी', अशी रचना असेल, तर आपण थोडे थबकले पाहिजे. तेथील मंडळींचा हेतू शुद्ध असेल, हिशेब चोख असेल, जेवणही चांगले असेल. तरीसुद्धा ज्याच्या आयुष्याचा निर्णय घ्यायचा त्यालाच निर्णयाबाहेर ठेवून केलेली दया नीतीच्या कसोटीस पुरी उतरते का?

हा प्रश्न जगाच्या व्यासपीठावर १९८० मध्ये कॅनडातील विनिपेग येथे विचारला गेला. 'रिहॅबिलिटेशन इंटरनॅशनल' या पुनर्वसनतज्ज्ञांच्या संस्थेचे तेथे अधिवेशन भरले होते. संस्थेच्या कारभारात अपंगांना बरोबरीचे प्रतिनिधित्व द्यावे, असा ठराव मांडला गेला आणि तो फेटाळला गेला. तज्ज्ञ मंडळी दुष्ट नव्हती. आयुष्यभर अपंगांची सेवा केलेली ती माणसे होती. त्यांना एवढेच वाटत नव्हते की, ज्यांची आपण सेवा केली ते आपल्या शेजारच्या खुर्चीवर बसून आपल्याइतकेच मत देतील. उपस्थित अपंग प्रतिनिधींनी मग स्वतःची संघटना उभारण्याचे ठरवले. संयुक्त राष्ट्रांचे अपंग वर्ष असलेल्या १९८१ मध्ये सिंगापूर येथे 'डिसेबल्ड पीपल्स इंटरनॅशनल' स्थापन झाली. 'आमच्याविषयी काहीही, आमच्यावाचून नाही' ही अपंग चळवळीची घोषणा पुढे जगभर गेली, तिच्यामागची भावना हीच होती.

आपल्याकडेही ही वाट अनोळखी नाही. 'नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंड' ही अंधांनी स्वतः चालवलेली संघटना १९७० मध्येच स्थापन झाली होती. ऐन तारुण्यात कमरेखालचे शरीर निकामी झालेल्या नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये कोल्हापुरात 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था काढली. 'चाकाची खुर्ची' हे त्यांचे आत्मकथन मराठी वाचकाला परिचित आहे. आपल्या सुरतेतही स्वतः पोलिओग्रस्त असलेल्या कनुभाई टेलर यांनी 'डिसेबल वेल्फेअर ट्रस्ट ऑफ इंडिया' ही संस्था उभी केली आणि अपंग मुलांसाठी शाळा चालवली. दरवाजा किती रुंद हवा, स्वच्छतागृह कसे असावे, मुलाला कोणत्या शब्दाने दुखापत होते, हे खुर्चीत बसलेल्या संस्थाचालकास कुणी सांगावे लागत नाही.

कायद्याने हे तत्त्व मान्य केले आहे. भारताने २००७ मध्ये स्वीकारलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात अपंगांविषयीचे निर्णय त्यांच्या प्रातिनिधिक संघटनांशी विचारविनिमय करूनच घ्यावेत, असे बंधन आहे. त्यानुसार २०१६ मध्ये नवा कायदा झाला. त्यातील केंद्रीय सल्लागार मंडळाची रचना मात्र लक्षपूर्वक वाचण्यासारखी आहे. संघटनांच्या दहा प्रतिनिधींनी अपंग असावे, असे कायदा म्हणतो. पण त्याआधी 'शक्यतोवर' या अर्थाचे शब्द आहेत. साऱ्या प्रश्नाचे मर्म या एका शब्दात साठले आहे. शक्य आहे की नाही, हे ठरवणार कोण? नावाच्या बाबतीतही तेच घडले. 'अपंग' ऐवजी 'दिव्यांग' हा शब्द सरकारदरबारी रूढ झाला, तेव्हा अनेक अपंग संघटनांनी हरकत घेतली होती. आम्हांस दिव्यत्व नको, हक्क हवेत, असे त्यांचे म्हणणे होते. सन्मानाचे नावसुद्धा दुसऱ्याने परस्पर ठेवले की त्यातला सन्मान उणावतो.

यावर नेहमीचा आक्षेप असा की, अपंगांच्या स्वतःच्या संघटना दुबळ्या असतात. इतिवृत्त नीट नसते, हिशेबतपासणी रखडते, एक माणूस गेला की संस्था बसते. म्हणून आधी त्यांनी सक्षम व्हावे, मग सूत्रे द्यावीत. हा आक्षेप खोटा नाही, पण त्यातला क्रम उलटा आहे. पाण्यात उतरल्यावाचून पोहणे येत नाही. ज्याच्या हाती कधी धनादेशाचे पुस्तक दिले नाही, त्यास हिशेब येत नाही म्हणून दोष देणे न्यायाचे नव्हे. आपल्याच पूर्वजांचा विचार करावा. परमुलखात येऊन त्यांनी गणेशोत्सव मांडले, मंडळे स्थापली, वाचनालये चालवली, ती आधी कुणाकडून क्षमतेचा दाखला घेऊन नव्हे. भांडत, चुकत, वर्गणी गोळा करत ते कारभार शिकले. तुमचे मंडळ आम्ही अधिक चांगले चालवू, असे एखाद्या सज्जन शेठजींनी म्हटले असते, तर आपण आभार मानून नकारच दिला असता.

मग क्षमता वाढवणे म्हणजे काय? वर्षातून एक शिबिर, त्यात भाषणे आणि प्रमाणपत्रे, एवढ्याने ती वाढत नाही. सभा तळमजल्यावर घेणे, बहिऱ्या सभासदासाठी सांकेतिक भाषेचा दुभाषी ठेवणे, अंध खजिनदाराला जमाखर्च संगणकावर ऐकता येईल अशा स्वरूपात देणे, प्रवासखर्चाची तरतूद करणे, ही खरी क्षमतेची सामग्री. त्याहून अवघड आहे ते देणगीचे स्वरूप बदलणे. जेवणाला, तीनचाकी सायकलींना, समारंभाला पैसे मिळतात. कार्यालयाचे भाडे, कारकुनाचा पगार, हिशेबतपासनिसाची फी यांना कुणी हात लावत नाही, कारण तेथे नावाची पाटी लागत नाही. संस्था उभी राहते ती मात्र याच पाटीविरहित खर्चावर. हिशेबाची कसोटी सर्वांना एकच असावी. ती पार पाडण्याची साधने मात्र ज्याला जी लागतील ती मिळावीत.

आणखी एक शंका प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. अपंगांनी चालवलेल्या संघटनेतही सत्ता असते आणि सत्तेचे दोष असतात. चालता न येणारा पदाधिकारी बहिऱ्याला विसरतो, पुरुष स्त्रीला, शहरातला खेड्यातल्याला. ज्यांना बोलून मत मांडता येत नाही, त्यांच्या वतीने आईवडिलांना बोलावे लागते आणि पालकांचे भय हेच मुलाचे मत समजले जाण्याचा धोका राहतो. या अडचणी खऱ्या आहेत. परंतु त्या साऱ्या मानवी संस्थांच्या अडचणी आहेत. त्यांवरचा उपाय अधिक सभासद, खुली निवडणूक, बदलती पदे हाच असतो. कारभार पुन्हा हितचिंतकांकडे सोपवणे हा नसतो. स्वतःच्या हाताने चुकण्याचा अधिकार आपण सर्वांनी गृहीत धरला आहे. तो केवळ अपंगांपुरता रोखून धरण्यास नैतिक आधार सापडत नाही.

आपल्यापैकी पुष्कळांच्या हाती आज उत्तरवयाची सवड आहे आणि कार्यालयीन कामाचा दीर्घ अनुभव आहे. घटना कशी लिहावी, धर्मादाय आयुक्तांकडे कोणते कागद द्यावेत, ठराव कसा नोंदवावा, हे आपण जाणतो. हे ज्ञान अध्यक्षपद न मागता देता येईल का, हाच आपल्यापुढचा खरा प्रश्न. पुढच्या श्राद्धाला वा वाढदिवसाला देणगीचे पाकीट नेताना संस्थेत एवढे विचारून पाहावे: येथे धनादेशावर सही कुणाची चालते? उत्तर ऐकून मग पाकिटावर कोणत्या कारणासाठी असे लिहायचे, ते ठरवावे.