घरातल्या समुद्राचा कार्यभार

बदलीच्या नोकरीत आयुष्य घालविणाऱ्या माणसाला वस्तूंचे मोल फार लवकर कळते. जी वस्तू खोक्यात मावते, ट्रकच्या धक्क्यांना टिकते आणि नव्या गावची हवा जिला बाधत नाही, तीच आपली, असा एक अलिखित नियम आपल्यांपैकी बहुतेकांच्या घरी चालत आलेला असतो. तुळससुद्धा आपण उचलून नेता येईल एवढ्याच कुंडीत लावतो. अशा परिस्थितीत एखादा अधिकारी सरकारी निवासस्थानाच्या दिवाणखान्यात तीनशे लिटरांचा समुद्र मांडून बसला, तर त्याला वेडा म्हणावे की काय, असा प्रश्न मला काही वर्षांपूर्वी चेन्नईस असताना पडला होता. पुढे त्या प्रश्नाचे रूप पालटले. जो जीव आपल्या आधारावाचून चार दिवसही तग धरणार नाही, अशा जीवाला, आपण स्वतः त्या जागी कायमचे नाही हे पुरते ठाऊक असताना, घरी आणण्याचा आपणास अधिकार आहे काय, असा तो प्रश्न आता माझ्यापुढे उभा आहे.

हे माझे स्नेही मूळचे मालवणचे. सिंधुदुर्गाच्या आसपासच्या पाण्यात प्रवाळ आहे, हे पुष्कळ मराठी माणसांना ठाऊक नसते. तेथील सागरी अभयारण्य 1987 साली जाहीर झाले. स्नेह्यांनी ते पाणी लहानपणी पाहिले होते. पंचवीस वर्षांच्या नोकरीत अनेक प्रांत पाहून झाल्यावर चेन्नईस आल्यानंतर त्यांना त्या पाण्याची अशी काही ओढ लागली, की त्यांनी घरातच एक प्रवाळखडक उभारण्याचे मनावर घेतले. ज्यांनी घरापासून दूर दिवस काढले आहेत, त्यांना या ओढीचे निराळे समर्थन करून सांगावयास नको.

हा छंद किती कष्टाचा असतो, याची मला कल्पना नव्हती. गोड्या पाण्यातले मासे पाळणे आणि समुद्राचा तुकडा पाळणे यांत फार अंतर आहे. नळाचे पाणी त्यास चालत नाही. ते आधी गाळून जवळजवळ निर्मळ करावयाचे, मग त्यात समुद्रक्षारांचे मिश्रण विरघळवून दर हजार भागांत सुमारे पस्तीस भाग क्षार राहील असे जमवावयाचे. सच्छिद्र दगड रचावयाचे, पाणी अहोरात्र खेळते ठेवावयाचे. एवढे झाल्यावरही मासे आणावयाचे नाहीत! माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया निर्माण होतो व तो त्यांनाच मारक ठरतो. त्या अमोनियाचे प्रथम नायट्राइटमध्ये आणि नंतर त्या मानाने निरुपद्रवी अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू दगडांच्या छिद्रांत वस्ती करावे लागतात. या वस्तीला महिना-दीड महिना सहज लागतो. स्नेह्यांनी सहा आठवडे रिकाम्या टाकीसमोर बसून काढले. येणारे-जाणारे विचारीत, "मासे कुठे आहेत?" ते शांतपणे म्हणत, "घर बांधून झाल्याखेरीज पाहुणे कसे बोलवायचे?"

मासे आल्यावर तर काम वाढलेच. पाण्याची वाफ होते, पण मिठाची होत नाही. म्हणून दररोज जेवढे पाणी उडाले तेवढे गोडे पाणी भरावे लागते, नाही तर टाकी हळूहळू खारटत जाते. चेन्नईच्या वैशाखात पाण्याचे उष्णमान पंचवीस-सव्वीस अंशांवर राखणे ही एक स्वतंत्र लढाईच होती. समुद्रात ही सर्व कामे कोणी करीत नाही आणि तरीही ती होत असतात. नदी गोडे पाणी आणते, वारा लाट उठवितो, भरती जुने पाणी नेऊन नवे देते. टाकीत यांतले काहीही नाही. जो माणूस जीवाला या व्यवस्थेतून उचलतो, त्याला स्वतःच नदी, वारा आणि भरती व्हावे लागते, आणि तेही रोज, कंटाळा आला तरी. प्रेम हे या कामाचे निमित्त होऊ शकते. काम मात्र नियमाने होते. मला वाटते, पाळण्याच्या अधिकाराची पहिली कसोटी हीच आहे.

परंतु ही कसोटी जीव घरात आल्यानंतरची. तो आणला कोठून, हा प्रश्न त्याच्याही आधीचा. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे आणि वनस्पतीही नव्हे. चुन्याचे घर बांधून राहणाऱ्या सूक्ष्म प्राण्यांची ती वसाहत असते, आणि त्यांच्या देहात राहणारे शैवाल सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून त्यांना पुरविते. परदेशांत पुष्कळ छांदिष्ट अशा वसाहतींचे तुकडे टाकीत वाढवून एकमेकांना देतात. आपल्याकडे 2001 सालापासून खडक बांधणारी प्रवाळे आणि समुद्रघोडे यांचा वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत समावेश झाला. स्नेह्यांना एका विक्रेत्याने दबलेल्या आवाजात सांगितले, "सार, हवे असेल तर मिळेल, कोण पाहतो?" स्नेह्यांनी नकार दिला. त्यांच्या टाकीत अखेरपर्यंत प्रवाळ नव्हते. मनुष्याने केलेले दगड होते आणि पैदास केंद्रात जन्मलेली क्लाऊनफिशची एक जोडी व इतर चार मासे होते. मन्नारच्या आखाताकाठी मंडपम् येथे आपल्या शास्त्रज्ञांनी क्लाऊनफिशच्या पैदाशीचे तंत्र सिद्ध केले आहे, त्यामुळे हे मासे समुद्रातून ओरबाडून आणण्याची आवश्यकता उरलेली नाही.

आपण सरकारी माणसे. "कायद्यात बसत नाही" एवढे उत्तर आपल्याला पुरते. तथापि कायदा नसता तर काय केले असते, असे मी त्यांना विचारले, तेव्हा त्यांनी फिलिप हेन्री गॉस या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाची हकीकत सांगितली. गॉस यांचे सागरी मत्स्यालयावरील पुस्तक 1854 साली निघाले आणि इंग्लंडच्या घराघरांत काचेचे समुद्र दिसू लागले. गॉस हे समुद्राचे निस्सीम भक्त. पण त्यांचे ग्रंथ हाती घेऊन माणसे किनाऱ्यावर लोटली आणि शतकानुशतके कोणी हात न लावलेली खडकांतली डबकी त्यांनी समुद्रपुष्पांसकट खरवडून रिकामी केली. गॉस यांच्या मुलाने 1907 साली लिहिलेल्या आत्मपर ग्रंथात या उजाड झालेल्या किनाऱ्याचे आणि वडिलांना त्यामुळे झालेल्या दुःखाचे वर्णन आहे. त्या लोकांत दुष्ट कोणी नव्हता. प्रत्येकाने एकेकच फूल नेले असेल, आणि ते प्रेमानेच नेले असेल. "मीही प्रेमानेच नेले असते," स्नेही म्हणाले.

यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो टाकाऊ नाही. समुद्र तापत आहे. उष्णतेने प्रवाळांतले शैवाल निघून जाते, वसाहती पांढऱ्याफटक पडतात आणि उष्णता टिकली तर मरतात. 1998 साली लक्षद्वीप आणि मन्नारच्या आखातात हे मोठ्या प्रमाणावर घडले. 2024 साली जगभर असा चौथा प्रसंग ओढवल्याचे जाहीर झाले. मग काचेआड का होईना, प्रवाळ राहिले तर वाईट काय? प्रयोगशाळांतून प्रवाळ वाढवून समुद्रात पुन्हा लावण्याचे प्रयत्न होत आहेत, आणि घरगुती छांदिष्टांनी मिळविलेले ज्ञान त्या कामी आले आहे, हे मान्य केले पाहिजे. पण दिवाणखान्यातली टाकी आपण आपल्या आनंदासाठी मांडतो. आनंदाला पुण्याचे नाव देऊ नये. आनंद असणे हा काही गुन्हा नव्हे. त्याचा हिशेब मात्र आनंद म्हणूनच द्यावा.

हा हिशेब किती कठीण असतो ते मी 2016 साली पाहिले. 12 डिसेंबरला वरदा चक्रीवादळ चेन्नईवर आदळले. आमच्या वसाहतीतली झाडे आडवी झाली, वीज गेली आणि ती दोन दिवस आली नाही. स्नेह्यांच्या घरी एक इन्व्हर्टर होता आणि त्यावर टाकीचा पंप चालला होता. पंप थांबला तर पाण्यातला प्राणवायू संपणार. रात्री शेजारच्या घरातून निरोप आला : आजोबांना दम्याचा जोर आहे, नेब्युलायझर चालविण्यास वीज हवी. वहिनींनी क्षणाचाही विलंब न लावता पंपाची वायर काढली आणि शेजारी वायर ओढून दिली. याबद्दल कोणाच्याही मनात द्विधा नव्हती. त्यानंतर आम्ही सर्व जण पाळी लावून तांब्याने टाकीतले पाणी उपसून हातभर उंचावरून परत टाकीतच ओतू लागलो, म्हणजे हवा पाण्यात मिसळेल. रात्रभर तो आवाज चालू होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामाला येणाऱ्या बाई आल्या. आम्ही पेंगत होतो. काही न विचारता त्यांनी तांब्या हाती घेतला आणि तासभर पाणी ओतले. दुपारी वहिनींनी चहा दिला तेव्हा सहज बोलण्यातून कळले, की त्यांच्या झोपडीचे पत्रे आदल्या दिवशीच उडाले होते आणि मुले शाळेच्या व्हरांड्यात होती. स्नेही ताडकन उठले. त्या दिवशीची उरलेली दुपार आम्ही पत्रे आणि दोर शोधण्यात घालविली. टाकीतले दोन मासे त्या दुपारी मेले.

मासे मेल्याचे स्नेह्यांना दुःख झाले, पण ते त्यांच्या मनाला फार दिवस लागले नाही. लागले ते दुसरेच. "आपण त्यांना विचारलेच नाही हो," असे ते कितीतरी दिवस म्हणत. पुढे माझ्या वाचनात आले, की लंडनमध्ये 1846 साली ॲना थिन या बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ घरी आणून वाढविले, तेव्हा पाण्यात हवा मिसळावी म्हणून ते उघड्या खिडकीपाशी अर्धा-पाऊण तास या भांड्यातून त्या भांड्यात ओतले जाई, आणि ते काम त्यांची लहानगी मोलकरीण करीत असे. थिनबाईंचे नाव मत्स्यालयाच्या इतिहासात राहिले. त्या मुलीचे हात दुखत असत काय, हे कोणी लिहून ठेवलेले नाही. मला वाटते, आपण परावलंबी केलेल्या जीवाचे ऋण खरे असते आणि ते फेडलेच पाहिजे. पण ते स्वतःच्या पदरचे घालून फेडावयाचे असते. दुसऱ्याच्या श्रमांतून आणि दुसऱ्याच्या अडचणीकडे डोळेझाक करून फेडलेले ऋण फिटत नाही. ते केवळ दुसऱ्याच्या खात्यावर चढते.

पुढल्या उन्हाळ्यात स्नेह्यांच्या बदलीचा हुकूम आला, तोही उत्तरेकडचा, समुद्रापासून फार दूरचा. कोणी सुचविले, मासे मरीनावर नेऊन समुद्रात सोडून द्या. जीवदान दिल्याचे पुण्य लागेल. स्नेह्यांनी मान हलविली. टाकीत वाढलेला मासा रोग घेऊन समुद्रात जाऊ शकतो, आणि परका असेल तर तेथे अनर्थही करू शकतो. हिंदी व प्रशांत महासागरांतला लायनफिश 1985 साली फ्लोरिडाजवळ आढळला. तो मत्स्यालयांतूनच सुटला असावा असे मानतात, आणि आज त्या बाजूच्या समुद्रात तो स्थानिक माशांचा फडशा पाडीत आहे. सोडून देणे म्हणजे मुक्त करणे असे नेहमीच नसते; पुष्कळदा ते केवळ आपली सुटका करून घेणे असते.

मग त्यांनी जे केले ते आपल्या पेशाला शोभणारे होते. वसाहतीतला प्राणिशास्त्राचा एक तमिळ विद्यार्थी वर्षभर टाकी पाहावयास येत असे. स्नेह्यांनी त्याच्या वडिलांची रीतसर संमती घेतली, दोन महिने त्याच्याकडून सर्व कामे स्वतःच्या देखरेखीखाली करवून घेतली, आणि जाताना त्याला एक वही दिली. तीत दररोजच्या उष्णमानाची व क्षाराची नोंद होती. कोणता मासा काय खातो, वीज गेली तर प्रथम काय करावे, हेही होते. अखेरच्या पानावर आपण कार्यभार सोपविताना करतो तशा दोघांच्या सह्या होत्या. खुर्चीचा कार्यभार आपण आयुष्यात अनेकदा दिला-घेतला. जिवांचा कार्यभार असा नीट दिलेला मी तेव्हा प्रथमच पाहिला.

आरंभीच्या प्रश्नाला माझे उत्तर म्हणून एवढेच देता येईल. आपण कायमचे नाही, म्हणून काहीच पाळू नये, असे म्हटले तर जगात कोणीच काही पाळू नये. कारण कायमचा कोणी नाही, आपली बदली तेवढी इतरांपेक्षा लवकर होते. परंतु ज्याला आपल्या जाण्याचा विचार पहिल्याच दिवशी करता येत नाही, त्याने दुसऱ्या जीवाला स्वतःवर अवलंबून ठेवू नये. त्या वहीच्या अखेरच्या पानावर वीज गेल्यावर करावयाच्या कामांची यादी होती, आणि तिच्यात पहिलीच ओळ अशी होती : आधी शेजारी आणि कामाच्या बाई यांची चौकशी करावी, मग टाकीकडे पाहावे.