विसावा एकट्याचा नसतो

रविवारची सुटी इंग्रजांनी आपल्याला आयती दिली, असा सर्रास समज आहे. सरकारी कचेऱ्यांपुरता तो ठीक. गिरणी कामगाराला मात्र ती झगडून मिळवावी लागली. नारायण मेघाजी लोखंडे हे सत्यशोधक, जोतीराव फुल्यांचे सहकारी, ‘दीनबंधू’चे संपादक. १८८४ साली त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचे निवेदन तयार केले. रविवारी पूर्ण सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, वेळेवर पगार, कामावर जखमी झालेल्याला मदत, अशा त्यातल्या मागण्या होत्या. आजच्या डोळ्यांना त्या किती लहान दिसतात! तरी त्यांतली पहिली पदरात पडायला सहा वर्षे लागली. २४ एप्रिल १८९० च्या सभेला दहा हजार कामगार आले, दोन कामगार स्त्रिया तिथे बोलल्या, आणि १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. पुढच्याच वर्षीच्या फॅक्टरी कायद्यात साप्ताहिक सुटी आली.

रविवारच का? रविवार हा खंडोबाचा वार, आमच्या लोकांच्या देवाचा वार, असे लोखंडे म्हणत, असे सांगितले जाते. आमच्या सोलापुरात बाळे इथल्या खंडोबाला रविवारी जाणाऱ्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. मी ख्रिस्ती आहे आणि रविवारी उपासनेला जातो. बायबलमधल्या शब्बाथाच्या, म्हणजे आठवड्याच्या विसाव्याच्या दिवसाच्या, आज्ञेचा गाभा ज्या मराठी माणसाने कृतीत आणला तो ख्रिस्ती नव्हता, याचा मला मोठा आनंद वाटतो. रविवारी प्रार्थनामंदिरात बसणारे साहेब त्या काळी पुष्कळ होते. त्याच वेळी गिरणीत चात्यांपुढे उभ्या असलेल्या माणसाचा विसावा मागायला लोखंडे उभे राहिले.

हे सगळे आज आठवण्याचे कारण म्हणजे ‘जरा थांबा’ हा उपदेश सध्या चहूकडून कानी येतो. धावपळ फार झाली, मन थकले, शरीर बोलू लागले, हे कुणीही नाकारणार नाही. ख्रिस्ती मंडळ्यांतही त्यावर प्रवचने होतात. पहाटेची शांत वेळ ठेवा, फोन बाजूला ठेवा, चार दिवस एकांतात जा. यातले काहीच चुकीचे नाही. मी स्वतः त्यातून बळ घेतले आहे. पण हा उपदेश बहुतेक वेळा ज्याची दिनदर्शिका त्याच्या स्वतःच्या हातात आहे त्यालाच ऐकू जातो. मूळ आज्ञा तशी नाही. ती घरधन्याशी बोलते आणि त्याच्या छपराखालच्या एकेकाचे नाव घेते: मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल, गाढव, दारी आलेला परका. तू थांब, आणि तुझ्यामुळे यांनाही थांबता येऊ दे.

ही आज्ञा बायबलमध्ये दोनदा येते आणि दोन्ही ठिकाणी कारण वेगळे दिले आहे. निर्गमाच्या विसाव्या अध्यायातले कारण सृष्टीचे: देवाने सहा दिवस काम केले आणि सातव्या दिवशी विसावा घेतला. अनुवादाच्या पाचव्या अध्यायातले कारण इतिहासाचे: तुम्ही मिसरात गुलाम होता, हे विसरू नका. मिसरातली गुलामी कशी होती, तेही निर्गमात लिहिले आहे. रोजच्या विटांची संख्या ठरलेली होती. या गुलाम इस्राएली लोकांचा पुढारी मोशे याने त्यांच्यासाठी रानात जाऊन उपासना करण्याची सवड मागितली, तेव्हा मिसरचा राजा फारो याने त्यांना आळशी ठरवले. विटांसाठी मिळणारा पेंढा बंद केला आणि संख्या तेवढीच ठेवली. उसंत मागणाऱ्याला आळशी म्हणण्याची रीत इतकी जुनी आहे. म्हणून शब्बाथ हा मनाच्या आरामाच्या आधी सुटकेचा दिवस आहे. जो माणूस मोजलेल्या विटांतून सुटला, त्याने दुसऱ्याला तशा मोजणीत अडकवू नये, हा त्याचा अर्थ.

सोलापुरात राहून हा अध्याय वाचला की तो परक्या देशाचा वाटत नाही. १८७७ साली इथे पहिली कापडगिरणी सुरू झाली आणि गावाचा दिवस भोंग्यावर चालू लागला. पुढे लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी, जाम अशा गिरण्या उभ्या राहिल्या. गिरण्या गेल्या, यंत्रमाग आले. चादर आणि टॉवेल यांनी गावाचे नाव देशभर नेले. घराघरांत बायका तेंदूपत्ता कातरून, तंबाखू भरून बिड्या वळतात. त्यांत तेलुगूभाषक पद्मशाली समाजाच्या बायका मोठ्या संख्येने आहेत. मजुरी हजार बिड्यांमागे. वळलेली बिडी जमा करताना छाट निघाली की तेवढी मेहनत वाया. अशा घरात ‘सावकाश जगा’ हा सल्ला द्यायला माझी जीभ रेटत नाही. तिथे थांबलेल्या प्रत्येक तासाची किंमत त्याच दिवशी चुलीवर दिसते. विसाव्याचा प्रश्न तिथे मजुरीच्या प्रश्नापासून सुटा करताच येत नाही, आणि लोखंड्यांनी सुटी व पगार एकाच निवेदनात का घातले, ते कळते.

या गावाला श्रमाची थोरवी शिकवायला बाहेरून कुणी यायला नको. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांनी तलाव बांधला तो श्रमालाच पूजा मानून. लिंगायत संतांची, म्हणजे शरणांची, कायकाची शिकवण ती हीच. तिच्या जोडीला दासोह आहे. श्रमातून जे मिळाले ते वाटण्यासाठी. आमच्या श्रद्धेचे म्हणणे या शिकवणीच्या शेजारी बसते: काम पवित्र आहे, तसे थांबणेही पवित्र आहे, आणि तेही वाटण्यासाठीच आहे. बेंदराला आपला शेतकरी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाही, त्याला न्हाऊ घालतो, पुरणपोळी चारतो. बैलाचा हा मान बायबलच्या आज्ञेतही आहे, तिथे तो दर आठवड्याचा आहे. लेवीयाच्या पंचविसाव्या अध्यायात तर जमिनीलाही सातव्या वर्षी पडीक राहण्याचा हक्क दिला आहे. उसाच्या पाण्यासाठी विंधनविहिरी खोल खोल नेणाऱ्या आपल्या जिल्ह्याने यावर मन लावून विचार करावा.

पण श्रद्धेशिवाय हे जमते का? थांबायला धाडस लागते, कारण थांबल्यावर आपल्यावाचून जग चालते हे दिसते आणि ते सोसवत नाही. मिसरातून सुटलेल्या लोकांना रानात मिळणाऱ्या मान्ना या अन्नाची गोष्ट याच भीतीबद्दल आहे. रोजचे रोज गोळा करायचे. साठवले की किडे पडायचे. सहाव्या दिवशी मात्र दुप्पट मिळायचे आणि ते टिकायचे. पुरेसे मिळेल, यावर विश्वास ठेवायला शिकवणारी ती शाळा होती. मार्काच्या चौथ्या अध्यायात येशूने सांगितलेला शेतकरी बी टाकून झोपतो, उठतो, आणि बी कसे उगवते हे त्याला ठाऊकही नसते. आणखी एक गोष्ट मला वारंवार धीर देते. उत्पत्तीच्या कथेत माणूस सहाव्या दिवशी निर्माण झाला, म्हणजे त्याचा पहिला अख्खा दिवस विसाव्याचा होता. काहीही कमावण्याआधी त्याला विसावा मिळाला. आधी कृपा, मग काम. आपण हा क्रम उलटा केला आणि सगळी कामे संपल्यावर विसावा घेऊ म्हणत बसलो. कामे संपत नाहीत.

ख्रिस्ती मंडळ्यांनी यात स्वतःकडेही पाहायला हवे. १८१३ साली मुंबईला आलेल्या अमेरिकन मराठी मिशनने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सोलापुरात ठाणे केले, शाळा आणि बालवाड्या काढल्या, मंडळ्या उभ्या केल्या. त्यांचाच वारसा सांगणाऱ्या आजच्या मंडळीचा रविवार कसा जातो? सकाळी उपासना, मग संडे स्कूल, महिला मंडळ, तरुण संघ, कमिटीची बैठक, संध्याकाळी घरसभा. पाळक आठवड्यात सर्वांत जास्त त्याच दिवशी थकलेला असतो, आणि घरची बाई उपासनेआधी व नंतर स्वयंपाकघरात. लूकाच्या दहाव्या अध्यायातल्या, येशूच्या पाहुणचाराच्या कामात गुंतलेल्या मार्थेला आम्ही दरवर्षी प्रवचनांतून बोल लावतो. येशूने तिच्या कामाला नावे ठेवली नाहीत, तिच्या जिवाच्या ओढाताणीची त्याला काळजी वाटली. तिने बसावे असे खरेच वाटत असेल, तर जेवण कोण करणार याचे उत्तर इतरांनी उठून द्यायला हवे.

काम आणि प्रार्थना एकत्र नांदल्याचे उदाहरण जवळच आहे. पुण्याहून सोलापूरला येताना वाटेत केडगाव लागते. तिथे पंडिता रमाबाईंनी मुक्ती मिशन वसवले. १९०५ साली तिथे प्रार्थनेची मोठी लाट आली. ती लाट ज्या छपराखाली आली, तिथे दुष्काळातून वाचवलेल्या मुली होत्या, विधवा होत्या, छापखाना, शेती आणि विणकाम होते. रमाबाईंची प्रार्थना या लेकींपासून दूर पळण्यासाठी नव्हती. त्यांना सोबत घेऊनच त्या देवापुढे बसल्या.

विसावा सामाईक असावा लागतो, याचा उलटा पुरावाही इतिहासात आहे. फ्रेंच क्रांतिकारकांनी १७९३ साली आठवडा दहा दिवसांचा केला; तो फार काळ टिकला नाही. सोव्हिएत रशियाने १९२९ साली यंत्रे एकही दिवस थांबू नयेत म्हणून कामगारांचे पाच गट केले आणि प्रत्येक गटाला वेगळ्या दिवशी सुटी दिली. सुटी होती, पाच दिवसांतून एकदा होती, पण नवऱ्याची एका दिवशी आणि बायकोची दुसऱ्या. लोक कळवळले, कारण भेटायला घरी कुणी नसे. १९४० साली सर्वांचा रविवार परत आला. आपल्याकडे २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्याने दुकान वर्षाचे सगळे दिवस उघडे ठेवता येते. कामगाराला आठवड्यातून एक सुटी द्यावी लागते, ती कुठल्याही वारी असू शकते. दारात पार्सल आणणाऱ्या मुलाला तर खाडा म्हणजे कमाई बुडणे. घरातल्या चौघांच्या सुट्या चार वारी पडल्या की घर एकत्र जेवत नाही, आणि रडण्याहसण्याला एक वेळ उरत नाही.

काही जणांना रविवारी काम करावेच लागते. आमच्या समाजात परिचारिका पुष्कळ आहेत. रुग्णाचा ताप वार पाहून चढत नाही, आणि येशूनेही शब्बाथ दिवशी आजारी माणसांना बरे केले. तो दिवस माणसासाठी आहे, हे त्यानेच शिकवले. मग रात्रपाळी करून आलेल्या बहिणीला मंडळीने उपासना चुकली म्हणून टोकण्याऐवजी तिच्या घरी डबा पोचवावा, मुले सांभाळावीत, तिला झोपू द्यावे. ती झोपही उपासनाच आहे.

म्हणून सावकाश जगू पाहणाऱ्या प्रत्येकाने, तो कोणत्याही धर्माचा असो, स्वतःला एवढे विचारावे: माझ्या विसाव्याची किंमत कोण मोजतो? माझी शांत सकाळ कुणाच्या लवकर उठण्यावर उभी आहे? दिवाळीत फराळ, साफसफाई, पाहुणे यांचे जादा काम आपल्या घरी भांडी-धुणे करणाऱ्या मावशींच्या वाट्याला येते आणि बोनस देऊन आपण मोकळे होतो. बोनस द्याच. त्यासोबत आठवड्याची एक भरपगारी सुटी कायमची ठरवून द्या, वार त्यांनाच निवडू द्या आणि त्या दिवशी आपली भांडी आपण घासा. लोखंड्यांना गिरणीमालकांकडून जे मिळवायला सहा वर्षे लागली, ते आपल्या घरापुरते याच आठवड्यात देणे आपल्या हातात आहे.